चार अ‍ॅप, एक रकाना

"एकोणीस वर्षं इस्त्र्या तपासणाऱ्या बाईला आता माणसं तपासायला दिलीत. धन्य आहे," असं फोटोवाला कुरकुरला तेव्हा ती भिंतीच्या अलीकडेच बसलेली होती. भिंत म्हणजे काय, प्लायवूडची फळी, छतापर्यंत न पोचणारी; पलीकडे कोणी बिस्कीट मोडलं तरी अलीकडे ऐकू यायचं. त्याची कुरकुर खरं तर तिच्याबद्दल नव्हतीच. इस्त्रीचा फोटो काढता येतो, पंख्याचा येतो, अ‍ॅपचा काय काढणार? फोन टेबलावर आडवा ठेवायचा आणि वरून काढायचा, चारही फोटो सारखेच, मग वाचकांच्या शिव्या खायच्या त्याने. एवढं सगळं तो बोलला, मग आवाज खाली आणून म्हणाला, "आणि तिच्या घरी तर—" तेवढ्यात कोणीतरी, बहुधा टपाल बघणारी बाई, चमचा कपावर आपटला. वाक्य तिथेच राहिलं. ती हातातली कागदी टेप फाडत होती, तीही अर्धी फाटून राहिली. तिला राग आला नाही. अडीच वर्षांत तिला अशा अर्ध्या वाक्यांची सवय झाली होती. लोक तिच्यापाशी येऊन वाक्य सुरू करत आणि दारात चप्पल काढताना आठवावं की आपण चुकीच्या घरी आलो, तसे मागे फिरत. फक्त या वेळी वाक्य तिच्या पाठीमागे सुरू झालं होतं, आणि पाठीमागे माणसं वाक्य पुरं करतात अशी तिची समजूत होती. तिथेही करत नाहीत म्हटल्यावर तिने अर्धी राहिलेली टेप पुरी फाडली.

मासिक गिऱ्हाइकांसाठी निघायचं. दर महिन्याला एक वस्तू, त्या वस्तूचे चार-पाच प्रकार, आणि शेवटी एक मोठा तक्ता. तक्ता ती करायची. तपासणीच्या खोलीत वस्तू आली की आधी तिच्या नावावर कागदी टेप चिकटवायची आणि टेपवर आकडा लिहायचा, म्हणजे नावाला भुलून कोणाला झुकतं माप मिळू नये. दुसरा नियम याहून जुना होता: तपासणाऱ्याने स्वतः गिऱ्हाईक व्हायचं. दुकानातून विकत घ्यायचं, घरी न्यायचं, घरच्यासारखं वापरायचं, आणि वस्तूसोबत जे कार्ड येतं त्यावर खरी माहिती भरायची. खोट्या माहितीवर खरा निकाल निघत नाही, असं तिला पहिल्या दिवशी सांगितलं गेलं होतं आणि तिने ते असं काही मनावर घेतलं होतं की एकदा ओव्हनच्या कार्डावर 'घरात माणसे किती' या प्रश्नापाशी ती पाच मिनिटं थांबली होती. तेव्हा उत्तर तीन होतं, आणि थांबण्याचं कारण एवढंच की आपल्याला मूल झालं नाही ही गोष्ट ओव्हनवाल्यांना कशाला हवी. संपादकांनी जेव्हा जोडीदार शोधायच्या अ‍ॅपचा विषय काढला, तेव्हा ते खिडकीबाहेर बघत होते. लोक आता हेच घेतात, म्हणाले, आणि फसतातही यातच. मासिकातल्या बाकी पोरापोरींना दिलं तर त्यांचं आधीच कोणत्या तरी अ‍ॅपवर खातं आहे, निकाल निर्मळ राहणार नाही. तुझं कुठेच नाही. नको असेल तर मात्र, म्हणजे तुला जर— आणि तेही थांबले. ती म्हणाली, करते की. चार फोन मिळाले, चारही फोनांच्या पाठीवर टेप, टेपवर आकडे. ती इस्त्रीसारखेच ते पिशवीत घालून घरी घेऊन गेली.

घरी सासूबाई होत्या. ती त्यांना आई म्हणायची. स्वतःची आई लवकर गेल्यामुळे तो शब्द रिकामाच पडून होता, आणि या बाईने तो न मागता भरून टाकला होता. तपासणीच्या कामात आई म्हणजे तिचा बिनपगारी उजवा हात. प्रत्येक कार्डावर ती घरचा नंबर द्यायची, आणि कंपनीवाले फोन करतात की नाही, केला तर कसे बोलतात, हे आई टिपून ठेवायच्या. जुना घरचा फोन बंद झाला तेव्हा तोच नंबर आईंच्या मोबाइलवर घेतला होता. कोणी विचारलं, मिक्सर कसा चाललाय, तर आई सांगत, "चालतोय हो, पण माझ्या सुनेसारखाच आहे, आवाज नाही आणि काम थांबत नाही." मग त्या माणसाचं हसणं कसं होतं, खरं की पगारी, तेही वहीत लिहीत. रविवारी सकाळी त्याच फोनवर आईंच्या मुलाचा, म्हणजे तिच्या नवऱ्याचा, फोन यायचा. तो शीतगृहांची मोठी यंत्रं बसवायचा, आणि चार वर्षांपूर्वी सहा महिन्यांच्या कामावर दूर गेला होता. काम लांबलं. हे दोन शब्द घरात असे रुळले होते की ते घरच्या माणसासारखे उठत-बसत. शेजारणीने विचारलं, काम लांबलंय. वाण्याने विचारलं, काम लांबलंय. आई मुलाशी पाच मिनिटं बोलत, औषधं, गुडघे, तिथली थंडी, मग "घे, बोल" म्हणून फोन तिच्या हातात देत आणि मुद्दाम नळ सोडून भांडी घासायला लागत. ती फोन घेऊन खिडकीशी जायची. अडीच वर्षांपूर्वी अशाच एका रविवारी, नळाच्या आवाजात, त्याने तिला सांगितलं होतं की तो आता तिथेच राहणार आहे, तिथे कोणीतरी आहे, ती बाई चांगली आहे, यात तुझी चूक काही नाही. आणि मग म्हणाला होता, "आईला तू सांग. तुला जमतं असलं."

तिला जमलं नाही. कचेरीत कसं कोण जाणे कळलं, घरी नाही. पहिल्या आठवड्यात आईंना सर्दी होती, बरी झाली की सांगू. मग गुडघ्याचं ऑपरेशन. मग शिशिर संपू दे, उन्हाळ्यात माणूस जरा सोसतं. खरं कारण या सगळ्याच्या तळाशी होतं आणि ते तिला भांडी लावताना, जिना चढताना, बसची वाट बघताना अचानक दिसायचं, पायाखाली फरशी हलावी तसं. आई तिच्याकडे राहतात ते कोणत्या नात्याने? ती त्यांच्या मुलाची बायको म्हणून. ती बायको राहिली नाही, असं एकदा मोठ्याने बोललं गेलं की त्या घरात दोन परक्या बायका उरतील, त्यातली एक सत्त्याहत्तर वर्षांची आणि मानी. दुसऱ्या दिवशी बॅग भरतील. मुलगा आहे ना माझा, म्हणतील, तुझ्या गळ्यात कशाला पडू. नवरा गेला त्याचं दुःख तिने कुठे तरी बसवलं होतं. रात्रपाळीच्या माणसासारखं ते यायचं-जायचं, तिला कळायचंही नाही. पण सकाळी सहाला स्वयंपाकघरातून येणारं ते खाकरणं, ते स्वतःशीच पुटपुटणं, चहात साखर कमी घातल्याबद्दलचा टोमणा, हे गेलं तर त्या घरात राहायचं कसं? म्हणून दर रविवारी ती खिडकीशी फोन कानाला लावून उभी राहायची. तो दोन वाक्यं बोलून कधीच ठेवून द्यायचा, आणि ती मुक्या फोनमध्ये हो, जेवले, हो, घेते काळजी, असं म्हणत राहायची, नळ बंद होईपर्यंत.

क्रमांक एकला फोटो हवा होता, बाकी काही नाही. फोटोवाल्याने तो काढला. पांढऱ्या कापडापुढे, जिथे मिक्सर आणि इस्त्र्या उभ्या राहतात तिथेच तिला उभं केलं. त्याला बहुधा कळलं होतं की ती त्या दिवशी फळीच्या अलीकडे होती, कारण तो नको इतका वेळ दिवे हलवत होता. हनुवटी खाली, म्हणाला, नाही, इतकी नाही, चष्म्यावर उजेड परततोय. वस्तू असती तर टेप लावून चमक मारली असती. मग स्वतःच ओशाळला. फोटो बघून ती दचकली. त्यात एक बाई होती जी कशाचीच वाट बघत नव्हती, वाट बघून झालेली होती. तक्त्यात तिने लिहिलं: क्र. १, खातं उघडायला चार मिनिटं, वापरायला सोपं, माणूस बोटाने ढकलला की जातो. दोन दिवस ती बसमध्ये माणसं ढकलत होती. हसरी, गाडीला टेकलेली, मासा हातात धरलेली, कुत्र्यामागे चेहरा लपवलेली. एकाच्या शर्टाची कॉलर नीट इस्त्री केलेली होती, वाफेच्या इस्त्रीने, आतून बाहेर; तिने ते ओळखलं आणि त्याला ढकलायला जिवावर आलं. कोणी तरी या माणसाला इस्त्री करायला शिकवलं असेल. किंवा इस्त्री करणारी गेल्यावर तो स्वतः शिकला असेल. तिच्या नवऱ्याला येत नव्हती. तिथे आता त्याचे शर्ट कोण करतं, हा प्रश्न तिला अडीच वर्षांत पहिल्यांदा पडला, आणि पडल्यावर ती बसच्या दांडीला धरून दोन थांबे पुढे गेली.

क्रमांक दोनवर बाईनेच आधी बोलायचं असा नियम होता. हे चांगलं, तिने तक्त्यात बरोबरची खूण केली, आणि मग काय बोलायचं ते न सुचल्याने तीन दिवस गप्प राहिली. आयुष्यभर तिने आधी बोलणं टाळलेलं. लग्नाचंही त्यानेच आधी विचारलं होतं आणि मोडल्याचंही त्यानेच आधी सांगितलं. क्रमांक तीन मात्र शाळेच्या परीक्षेसारखा. शंभर प्रश्न, आणि अकराव्या प्रश्नाला वैवाहिक स्थिती. हा रकाना चारींतही होता, पण एक आणि दोनमध्ये तो सोडून पुढे जाता येत होतं, तीनमध्ये येत नव्हतं. अविवाहित. घटस्फोटित. जोडीदाराचे निधन. विभक्त. तिने एकेकावर बोट ठेवून पाहिलं, दुकानात चपला घालून पाहाव्यात तसं. घटस्फोटाचे कागद कोणी केले नव्हते. विभक्त म्हणजे दोघांनी मिळून काही ठरवल्यासारखं वाटत होतं, आणि तिने तर काहीच ठरवलं नव्हतं. अर्धा तास गेला. 'खरी माहिती भरावी' हा नियम कोणी केला त्या माणसाला समोर उभं करावं आणि म्हणावं, भर बाबा तूच. शेवटी फोन हातातून निसटता निसटता बोट तिसऱ्यावर पडलं, निधनावर, आणि पुढचा प्रश्न आला. मागे जायचं बटण होतं. तिने ते दाबलं नाही. एकोणीस वर्षांत हे पहिलंच.

तीनवर एक घड्याळं दुरुस्त करणारा भेटला. साठीचा, सावकाश लिहिणारा, प्रत्येक वाक्याला पूर्णविराम देणारा. त्याची बायको चार वर्षांपूर्वी वारली होती. त्याने फार काही विचारलं नाही. लिहिलं की तुमचं दुःख मी समजतो असं म्हणत नाही, प्रत्येकाचं वेगळं असतं, पण दुसऱ्या वर्षी जास्त जड जातं हे मला कोणी सांगितलं नव्हतं म्हणून तुम्हाला सांगतो. पहिल्या वर्षी लोक येतात, दुसऱ्या वर्षी येत नाहीत. ती तपासणीच्या खोलीत बसली होती, समोर पाण्याच्या गाळण्यांची उघडी खोकी. तिच्याकडे पहिल्या वर्षीही कोणी आलं नव्हतं. जिवंत माणूस गेला तर कोण भेटायला येतं, काय बोलतं, दारात उभं राहून कशाला हळहळतं? मेला असता तर चार बायका आल्या असत्या, आईंच्या पाठीवरून हात फिरवला असता, तिला जबरदस्तीने दोन घास भरवले असते, त्याच्या लहानपणीचं काहीबाही आठवून सगळ्या रडल्या असत्या आणि रडता रडता हसल्याही असत्या. ते सगळं राहूनच गेलं होतं. आता एक अनोळखी घड्याळवाला, खोट्या रकान्याच्या भरवशावर, तिच्या दारात येऊन उभा होता. ती गाळण्यांच्या खोक्यांत तोंड घालून रडली. मग तोंड धुऊन त्याला लिहिलं की मी मासिकाची तपासनीस आहे, माझा नवरा जिवंत आहे, मी तुमची क्षमा मागते. बऱ्याच वेळाने उत्तर आलं. बरं केलंत सांगितलंत. माझं सांत्वन मात्र परत घेत नाही. त्यानंतर त्याने लिहिलं नाही, आणि ते योग्यच होतं, तरी चार दिवस ती पूर्णविराम शोधत राहिली.

क्रमांक चार नवा होता आणि जाहिरातीत त्याचा मोठा बोलबाला. त्यात म्हणे खोटेपणाला जागाच नाही, कारण तुमच्याबद्दल तुम्ही लिहायचं नाही; तुमच्या जवळच्या माणसाने दोन ओळी लिहायच्या आणि मगच खातं उघडायचं. जवळच्या माणसाचा नंबर द्या, असा रकाना होता. गुरुवारची दुपार, छापखान्यात तक्ता जायला दोन दिवस, शेजारी फोटोवाला 'चौथा फोन रिकामा कर' म्हणून डोक्यावर उभा. तिच्या बोटांनी तो नंबर लिहिला जो ती एकोणीस वर्षं प्रत्येक कार्डावर लिहीत आली होती. इस्त्रीच्या, पंख्याच्या, ओव्हनच्या. लिहून झाला, पाठवला, फोन फोटोवाल्याच्या हातात दिला आणि ती जेवायला उठली. कळलं दुसऱ्या दिवशी, सकाळी अकराला. फोन परत आला तेव्हा पडद्यावर सूचना होती: तुमच्या आप्तांनी तुमच्याविषयी लिहिले आहे. आप्त कोण, म्हणून तिने उघडलं. आणि वाचायच्या आधीच, नुसत्या लिहिण्याच्या वळणावरून, जोडाक्षरं तोडून लिहायच्या त्या सवयीवरून, तिने आईंना ओळखलं.

आईंनी दोन ओळींच्या जागेत दोन पानं कोंबली होती. ही माझी सून, असं सुरू होत होतं. वय सत्तेचाळीस पण केस रंगवत नाही म्हणून पन्नाशीची वाटते, तिला सांगून उपयोग नाही. चहा फार उकळते. रागावली की बोलत नाही, भांडी लावते. भांड्यांच्या आवाजावरून ओळखावे. कोणतीही वस्तू मोडली तर फेकत नाही, आधी उघडून बघते. माझ्या ऑपरेशनच्या वेळी सतरा रात्री खुर्चीत झोपली आणि डॉक्टरांना म्हणाली मला खुर्चीतच झोप लागते. हिला हसवणारा माणूस पाहिजे, कारण हसली की एका गालाला खळी पडते, ती आता फारशी दिसत नाही. श्रीमंत नसला तरी चालेल, पण जे बोलायचे ते तोंडावर बोलणारा असावा. आणि अखेरीस, जागा संपत आल्यामुळे आटोपतं घेत: हिच्याबरोबर मी येईन. मला जिने चढवत नाहीत. एक लहान खोली पुरेल. तसे चालणार नसेल तर आधीच कळवावे, हिला आशा लावू नये.

ती उठून फळीपलीकडे गेली आणि फोटोवाल्याला म्हणाली, मी घरी जातेय. त्याने तिची छत्री आणून दिली, जरी बाहेर लख्ख ऊन होतं. बसमध्ये तिने वाक्यं जुळवली. आई, तो मेसेज चुकून आला. आई, ती नेहमीची तपासणी होती. ही वाक्यं चांगली होती, त्यात दोघींनाही बाहेर पडायला दार होतं. ती सांगेल तपासणी होती, आई म्हणतील मला काय ठाऊक नाही का, मीही गंमतच केली, आणि परवा रविवार, फोन येईल, नळ सुटेल. अजून किती रविवार असं ढकलता येईल याचा ती अंदाज करत होती. आईंची प्रकृती चांगली होती. दहा वर्षं सहज. पाचशे रविवार. तिला ते पाचशेही चालणार होते, फक्त बॅग नको.

आई जेवणाच्या टेबलाशी मटार सोलत बसल्या होत्या. इतक्या लवकर आलेली बघून म्हणाल्या नाहीत की लवकर कशी. तिने हात धुतले, समोर बसली, ओंजळभर शेंगा ओढून घेतल्या आणि पहिलं वाक्य बोलली, मग दुसरं. तपासणी होती, आई.

"ते मला कळलं," आई म्हणाल्या. "तुझ्या तपासण्या मी आजच्या बघत नाहीये. पण तुमच्यात खरंच भरायचं असतं ना? मग मी खरं भरलं."

ती शेंगा सोलत राहिली. दाणे वाटीत पडण्याऐवजी बाहेर उडत होते. काहीतरी बोलायला हवं म्हणून, आणि तोंडाला जी सवय होती ती सवयीनेच, ती म्हणाली की रविवारी त्यांना यातलं काही सांगू नका, उगाच तिकडे काळजी करतील, आधीच काम इतकं लांब—

"पुरे," आई म्हणाल्या. रागाने नाही. सालं बाजूला सारत म्हणाल्या तशा. "त्यानं मला सांगितलंय."

काय सांगितलंय, हे तिने विचारलं नाही. कधी, एवढंच विचारलं.

"झाली अडीच वर्षं. म्हणाला, आई, तिला तू सांग. तुझं ऐकेल ती."

म्हणजे त्याच रविवारी, किंवा पुढच्या. फोन या हातातून त्या हातात गेला, आणि त्याने एकच ओझं दोन तुकडे करून दोघींच्या हातांत ठेवलं, आणि तो मोकळा झाला. तिला हसू आलं, ते हसू होतं की नाही ते नक्की सांगता येणार नाही. तिने आईंना त्याचं दुसरं वाक्य सांगितलं, तिला सांगितलेलं: आईला तू सांग, तुला जमतं असलं. आईंनी मान हलवली, जशी एखाद्या कंपनीचा माणूस फोनवर काय बोलणार हे आधीच माहीत असल्यावर हलवत. मग तिने विचारलं की तुम्ही बोलला का नाहीत.

"कशी बोलणार? बोलले की तू मला त्याच्याकडे पोचवशील. पोचवायलाच हवं म्हणशील, तुझा स्वभाव तसा. आणि तिकडे मला कोणी बोलावलेलं नाही गं. दर रविवारी वाटतं, आज म्हणेल, आई, तू ये. औषधं विचारतो. गुडघे विचारतो. ये असं म्हणत नाही." त्यांनी एक शेंग उचलली, ती रिकामी होती, तरी त्यांनी ती उघडली आणि आत बघत राहिल्या. "इतके दिवस मी म्हणत होते, माझ्या सुनेचं वाईट झालं. बिचारीचं कसं होणार. आणि काल त्या तुझ्या रकान्यात लिहिताना, ती एक खोली लिहिताना, मला कळलं. त्यानं टाकलं गं. तुला टाकलं, आणि मला टाकलं. मी त्याची आई आहे, आणि मला टाकलं."